तपासात भाषा कळत नसेल तर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अटकेच्या वेळी नागरिकाला काय सांगितले गेले पाहिजे, याविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली बरीच भाषेच्या अडचणीची होती. ज्याची चौकशी चालू आहे त्याला तपासाची भाषाच येत नसेल, तर कायदा त्याच्यासाठी काय करतो, असा त्या सर्वांचा रोख आहे. मुंबईत हा प्रश्न रोजचा आहे. येथील पोलीस ठाण्यांचे कागद मराठीत होतात, आणि ठाण्याच्या बाकावर बसलेल्या माणसाची भाषा भोजपुरी, तमिळ, बंगाली, नेपाळी यांपैकी कोणतीही असू शकते. काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि प्रकरणाची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा रखवालदार नेपाळचा आहे. हिंदी त्याला कामापुरतेच येते. एका सदनिकेतून दागिने गेले तेव्हा पोलिसांनी त्याला चौकशीसाठी नेले आणि नंतर अटक केली. शेजारच्या इमारतीचा रखवालदार नेपाळी बोलतो, म्हणून त्याला बोलावून त्याच्यामार्फत सगळे विचारून घेतले. कागद मराठीत आहेत आणि त्यांवर आमच्या माणसाच्या सह्या आहेत. त्याला दुभाष्या मागण्याचा हक्क होता की नाही? आता काय करता येईल?
— एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, कांदिवली

उत्तर : ‘हक्क होता’ असे एका वाक्यात सांगून मोकळे व्हावेसे वाटते, परंतु आपल्या कायद्याने हा हक्क एका जागी, एका कलमात लिहून ठेवलेला नाही. न्यायालयात खटला सुरू झाल्यानंतरची स्थिती स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१४ नुसार आरोपी जातीने हजर असताना त्याला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर न्यायालयात समजावून द्यावीच लागते. कलम ३१६ आरोपीच्या स्वतःच्या जबाबाविषयी तीच काळजी घेते, आणि कलम ३१७ दुभाष्यावर खरे भाषांतर करण्याचे बंधन घालते. ही तिन्ही कलमे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून जवळजवळ जशीच्या तशी आली आहेत. (पुढे कायद्याचे नाव न घेता दिलेली कलमे याच नागरिक सुरक्षा संहितेची आहेत.) पोलीस ठाण्यातल्या चौकशीसाठी मात्र प्रत्येक संशयिताला दुभाष्या दिलाच पाहिजे, असे कलम जुन्या संहितेत नव्हते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही नाही. नवा कायदा करताना ही उणीव भरून काढण्याची संधी होती, ती घेतली गेली नाही, असे आमचे मत आहे. युरोपीय संघाने २०१० मध्येच एका निर्देशाद्वारे पोलिसांच्या चौकशीपासूनच मोफत दुभाष्या देणे सदस्य देशांवर बंधनकारक केले. भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेला नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मोफत दुभाष्याचा उल्लेख करतो, परंतु तोही न्यायालयात वापरल्या जाणाऱ्या भाषेच्या संदर्भात.

म्हणून तपासाच्या टप्प्यावर आपल्याला आधार शोधावा लागतो तो संविधानात. अनुच्छेद २२(१) प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवली पाहिजेत, आणि ज्या भाषेत कळवले ती भाषाच समजत नसेल तर कळवले असे म्हणता येत नाही. हा विचार नवा नाही. १९६२ मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या प्रकरणात स्थानबद्धाला कारणे इंग्रजीत देण्यात आली होती, आणि एका पोलीस अधिकाऱ्याने ती हिंदीत तोंडी समजावली, एवढे पुरेसे आहे असे शासनाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटकेची कारणे समजेल अशा भाषेत परिणामकारकपणे कळवली पाहिजेत, ती कळवली नाहीत अशी आरोपीची तक्रार असेल तर कळवल्याचे सिद्ध करण्याचा भार तपास यंत्रणेवर राहील, आणि कोठडीचा आदेश देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी याची खातरजमा केली पाहिजे. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये, आपल्याच वरळीतील मोटार अपघाताच्या प्रकरणात, न्यायालय आणखी पुढे गेले : गुन्हा कोणताही असो, कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, अटकेच्या क्षणी ते शक्य नसेल तर तोंडी सांगून, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याच्या निदान दोन तास आधी लेखी प्रत हातात द्यावी. तसे झाले नाही तर अटक आणि त्यावर आधारलेली कोठडी बेकायदा ठरते. अर्थात नंतर कारणे लेखी देऊन पोलिसांना पुन्हा कोठडी मागता येते, त्यामुळे या एकाच मुद्द्यावर सर्व आशा ठेवू नये.

तुमच्या रखवालदाराच्या बाबतीत पहिला प्रश्न म्हणूनच असा राहील : नेपाळी भाषेत लिहिलेली अटकेची कारणे त्याच्या हाती पडली का? मराठी अर्जावरच्या ‘कारणे समजावून सांगितली’ या छापील ओळीखाली त्याची सही आहे, एवढ्याने काम भागत नाही.

आता शेजारच्या रखवालदाराबद्दल. पोलिसांनी अडचणीच्या वेळी हाताशी असलेला माणूस वापरला, यात दुष्टावा असेलच असे नाही. पण हा माणूस त्याच गल्लीत नोकरी करतो, चोरीचा संशय उद्या त्याच्यावरही येऊ शकतो, आणि पोलिसांसमोर त्याला स्वतःची कातडी वाचवायची असते. अशा माणसाच्या तोंडून आलेली वाक्ये आरोपीची आहेत असे धरून चालणे धोक्याचे आहे. दुभाष्याचा प्रकरणात कोणताही हितसंबंध असू नये, हे तत्त्व न्यायालयांनी साक्षीच्या संदर्भात सांगितलेले आहे. तपासात ते पाळू नये असे कोणी म्हणू शकणार नाही.

कागदांकडे वकिलांनी एकेक करून पाहावे, कारण सगळ्यांचे वजन सारखे नसते. तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घेण्यास कलम १८१ मनाई करते, आणि पोलिसांसमोरची कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मुळे पुराव्यात येत नाही. एवढ्यावर अनेकजण निश्चिंत होतात. पण त्याच कलमाला एक अपवाद आहे : कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढा भाग सिद्ध करता येतो. चोरीच्या खटल्यांत सगळा भर यावरच असतो. ‘मी दागिने जिथे ठेवले ती जागा दाखवतो’ अशा आशयाचे आरोपीचे बोलणे दोन पंचांसमक्ष निवेदन पंचनाम्यात उतरवले जाते, आणि मग सगळे त्या जागी जातात. येथे भाषेचा प्रश्न जिव्हाळ्याचा होतो. आरोपी नेपाळीत बोलला, पंचांना नेपाळी येत नाही, आणि पंचनाम्यात मात्र कारकुनी वळणाचे, एकही अडखळ नसलेले मराठी वाक्य त्याच्या तोंडी आहे, तर पंचांनी नेमके काय ऐकले? त्यांनी ऐकले ते दुभाष्याचे बोलणे. म्हणून दुभाष्याचे नाव पंचनाम्यात आहे का, त्याची सही आहे का, आरोपीचे मूळ शब्द नोंदवले आहेत का, आणि सरकार पक्ष त्या दुभाष्याला साक्षीदार म्हणून बोलावणार आहे का, हे बचावाच्या वकिलांनी पहिल्या दिवसापासून टिपून ठेवावे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आता आवश्यक आहे. ते मागून घ्यावे. कोण काय बोलले आणि कोणाच्या तोंडून बोलले, हे त्यात दिसते.

पुढच्या तारखेला बोरिवलीच्या न्यायालयात काय करावे, हे अधिक महत्त्वाचे. कोठडीसाठी हजर केलेल्या माणसाला दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ दालनात गर्दी असते, मासळीच्या लिलावाइतका गलबला असतो, मागे शिपाई पुढचे नाव पुकारत असतो. भाषा न कळणारा माणूस अशा वेळी मान हलवतो, आणि रोजनाम्यात ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. नंतर वर्षभराने ‘मला काही समजलेच नव्हते’ असे म्हटले तर सरकारी वकील ती नोंद वाचून दाखवतात. त्यामुळे वकिलांनी लेखी अर्ज द्यावा : आरोपीची भाषा नेपाळी आहे, त्याला मराठी वाचता येत नाही, अटकेची कारणे त्या भाषेत मिळालेली नाहीत, आणि यापुढील चौकशी त्रयस्थ दुभाष्याच्या उपस्थितीत व्हावी. अर्जावर आदेश होतो आणि तो अभिलेखात राहतो. तोंडी विनंतीचे तसे नसते. कलम ३८ खाली चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पूर्ण वेळ सोबत बसवण्याचा नसला तरी. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा मदतीचा क्रमांक आहे. रखवालदार परदेशी नागरिक असल्याने १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ प्रमाणे आपल्या देशाच्या वकिलातीला कळवण्याची मागणीही त्याला करता येते. नेपाळी माणसाला आपण परदेशी समजत नाही, म्हणून ही मागणी सहसा कोणाला सुचत नाही.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त तमिळनाडूत आहे. तेथे एका आर्थिक गुन्ह्यात त्याला अटक झाली. त्याला दिलेले सर्व कागद तमिळमध्ये आहेत. त्याचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले आहे. मराठीतून कागद मागता येतील का?
— एक वडील, गिरगाव

उत्तर : मराठीचा आग्रह धरू नये. न्यायालयाची कसोटी ‘समजणारी भाषा’ ही आहे, मातृभाषा ही नाही. मुलाला इंग्रजी उत्तम येत असेल तर इंग्रजीतील लेखी कारणे पुरेशी ठरतील, आणि तीच मागावीत. तमिळमधील कारणे मात्र पुरेशी ठरत नाहीत.

दोषारोपपत्राचा नियम वेगळा आहे आणि तेथे बरेच लोक फसतात. ते आरोपीला न समजणाऱ्या भाषेत दाखल झाले, एवढ्या कारणाने बेकायदा ठरत नाही, आणि त्या आधारावर मुदत उलटल्याचा, म्हणजे दोषारोपपत्र ठरलेल्या मुदतीत न आल्यास मिळणारा, जामीनही मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले. आरोपी आणि त्याचे वकील, दोघांनाही ती भाषा येत नसेल, तर भाषांतर मागता येते. तेथील वकील तमिळ जाणणारेच असणार, त्यामुळे ही मागणी मान्य होईलच असे समजू नका. वकील निवडताना म्हणूनच इंग्रजी किंवा हिंदीतून मुलाशी नीट बोलू शकेल असा निवडा. कागद चांगले वाचणारा पण अशिलाशी खुणांनी बोलणारा वकील काय कामाचा? खटला उभा राहिल्यावर तमिळमधील साक्षी त्याला समजावून देण्याची जबाबदारी कलम ३१४ खाली न्यायालयावर येते.

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. तिचा पाठलाग करणाऱ्या मुलाविरुद्ध तक्रार द्यायला गेलो, तेव्हा ठाण्यात मला म्हणाले, ‘तुम्हीच सांगा ती काय म्हणते ते, आम्ही लिहून घेतो.’ हे बरोबर आहे का?
— एक आई, लालबाग

उत्तर : बरोबर नाही, आणि या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने अगदी स्पष्ट आहे. तपासात दुभाष्या देण्याची सक्ती ज्या थोड्या जागी लिहिलेली आहे, त्यांत ही एक आहे. लैंगिक स्वरूपाच्या गुन्ह्यांत, आणि त्यात पाठलाग येतो, तक्रार करणारी स्त्री शारीरिक किंवा मानसिक दृष्ट्या दिव्यांग असेल तर कलम १७३ प्रमाणे पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी येऊन, दुभाष्या किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत फिर्याद नोंदवावी, आणि तिचे चित्रीकरण करावे. ठाण्याच्या टेबलाशी उभे राहून हे होणे अपेक्षितच नाही. पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर कलम १८३ खाली जबाब होईल, तेव्हाही दुभाष्याची मदत घ्यावी लागते. आणि असा नोंदलेला जबाब खटल्यात तिची सरतपासणी म्हणून धरला जातो, म्हणजे तिला तीच हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही, फक्त उलटतपासणीला उत्तरे द्यावी लागतात. जबाब नीट झाला तर त्याचा केवढा उपयोग आहे, हे यावरून लक्षात यावे, आणि वाईट झाला तर केवढे नुकसान, हेही.

तुम्ही स्वतः दुभाष्या होऊ नका, असा आमचा सल्ला आहे. आई सोबत असावीच, धीर देण्यासाठी तिची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही. पण तुम्हीच फिर्याद मांडणार आणि तुम्हीच भाषांतर करणार, तर ‘हे मुलीचे म्हणणे नाही, आईचे आहे’ असा बचाव आरोपीचा वकील हमखास घेईल. शिवाय काही गोष्टी मुली आईसमोर सांगत नाहीत. २०१२ मध्ये मूकबधिर साक्षीदाराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी व्यक्ती सक्षम साक्षीदार आहे, तिला लिहिता-वाचता येत असेल तर लेखी उत्तरे घेणे सर्वांत चांगले, दुभाष्या तिच्या परिसरातील असला तरी प्रकरणात हितसंबंध नसलेला असावा, त्याला शपथ द्यावी, आणि अर्थासोबत तिने केलेल्या खुणाही नोंदवाव्यात.

मुलगी शाळेत सांकेतिक भाषा शिकली आहे की घरच्याच खुणांनी बोलते, हे तुम्ही लिहिलेले नाही. शिकली असेल तर प्रशिक्षित दुभाष्या पुरे. घरच्या खुणा असतील तर त्या ओळखणारी तिची एखादी शिक्षिका आणि प्रशिक्षित दुभाष्या, अशा दोघांची गरज पडते. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत याची चौकशी करता येईल. मुलगी अठरा वर्षांखालची असती, तर बालकांच्या लैंगिक अत्याचारविषयक २०१२ च्या कायद्याचे कलम २६ लागू झाले असते, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवलेल्या नोंदवहीतून दुभाष्या मागवता आला असता. प्रौढांसाठी अशी नोंदवही असावी, ही मागणी मुंबईसारख्या शहरात कोणीतरी लावून धरायला हवी.

प्रश्न : मला बंगाली येते. जवळच्या पोलीस ठाण्यातून दोनदा फोन आला की एका आरोपीशी बोलून द्या. जावे का? नाही म्हटले तर अडचण होईल का?
— एक शिक्षिका, कुर्ला

उत्तर : नाही म्हणता येते. पोलिसांना मदत करण्याचे नागरिकांवरचे बंधन कलम ३१ मध्ये आहे, आणि ते अटक करणे, पळून जाणाऱ्याला रोखणे, शांततेचा भंग किंवा सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान टाळणे यांपुरते आहे. पण जाणारी माणसे चांगली असावीत, असे आम्हाला वाटते, त्यामुळे जावे. जाताना चार पथ्ये पाळावीत. आपले नाव, वेळ आणि भाषा कागदावर नोंदवायला लावावी. आरोपी म्हणेल ते सगळे सांगावे, त्याच्या वतीने सावरून घेऊ नये आणि पोलिसांच्या वतीने दरडावू नये. ‘खरे सांग, सुटशील’ असे वाक्य तुमच्या तोंडून वदवून घेण्याचा प्रयत्न झाला, तर ते पोलिसांचे वाक्य आहे असे आरोपीला सांगूनच उच्चारावे, किंवा उच्चारू नये. आणि आपण भाषांतर केलेल्या कागदाखेरीज दुसऱ्या कशावरही सही करू नये; पंच म्हणून तर नाहीच. पुढे साक्षीला बोलावणे येऊ शकते, याची तयारी ठेवा.

प्रश्न : आमच्या एका तमिळ ग्राहकाला विमानतळावर सोन्यासह अडवले आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी इंग्रजीत जबाब लिहून त्याची सही घेतली. पोलिसांसमोरचा जबाब चालत नाही, तसा हाही चालणार नाही ना?
— प्रवासी संस्थेचे चालक, अंधेरी

उत्तर : चालतो, आणि म्हणूनच ही बाब अधिक गंभीर आहे. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १०८ खालचा जबाब पोलीस अधिकाऱ्यासमोरचा मानला जात नाही, त्यामुळे कबुलीवरची मनाई त्याला लागत नाही, आणि सहीही घेतली जाते. अशा वेळी जबाब स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत लिहून देण्याचा आग्रह धरणे हाच खरा उपाय असतो. आता ती वेळ गेली आहे, तेव्हा इंग्रजी समजत नसताना सही घेतली गेली, ही तक्रार दंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्याच हजेरीत लेखी नोंदवावी. जबाब नाकारायला महिने लावले, की तो नंतर सुचलेला बचाव वाटतो.

प्रश्न : पोलीस मोबाइलवरील भाषांतराचे ॲप वापरून चौकशी करतात. हे चालते का?
— एक विद्यार्थी, दादर

उत्तर : ‘बाहेर थांबा, वकील येत आहेत’ एवढे सांगण्यापुरते चालेल. वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या निकालात कागदपत्रांच्या भाषांतरासाठी संगणकीय साधने वापरता येतील असे न्यायालयाने म्हटले आहे, परंतु कागदावर चूक नंतर दाखवून देता येते. बोलण्यातली चूक जबाबात गेली, की ती दाखवायला मूळ बोलणे शिल्लक राहत नाही. ॲप वापरलेच, तर दोन्ही बाजूंचे ध्वनिमुद्रण मागावे. कलम १८० मध्ये जबाब दृकश्राव्य माध्यमात नोंदवण्याची मुभा आहेच.